एकही बळी नाही

मार्ग्रिटने हातातल्या काठीचं टोक रणगाड्यासमोरच्या पाटीवर आपटलं. बाकड्यांवरची कुजबुज थांबली.

"हे शेवटचं वाक्य वाचा. जरा मोठ्यानं."

संग्रहालयाच्या मित्रमंडळाची वार्षिक सभा जुन्या रणगाड्यांच्या मधोमध भरली होती. अध्यक्ष नॅफ यांनी चष्मा सारखा केला. "'तटस्थ स्वित्झर्लंडची तीस वर्षं राखण केली. एकही बळी नाही.' बरोबरच आहे की, मार्ग्रिटबाई. आपण लढाई केलीच कुठं?"

"मग माझा भाऊ काय पडशानं मेला?"

मागे कुणीतरी खाकरलं. उर्स बावीस वर्षांचा होता. दरवर्षीसारखा घरी ठेवलेली लष्करी बंदूक खांद्याला अडकवून सक्तीच्या लष्करी सरावाला गेला, तो शवपेटीतून परत आला. धुक्यात मागे येताना ह्याच रणगाड्यानं त्याला चिरडलं होतं. गावच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलं नाही, कारण तो सीमेवर कामी आला नव्हता. त्या दगडासमोरून जायला नको म्हणून आई मरेपर्यंत लांबच्या रस्त्यानं चर्चला जात राहिली.

"तो अपघात होता, बाई. फार वाईट झालं. पण ही पाटी रणगाड्याची आहे."

मार्ग्रिटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "वा रे वा! शत्रूला मारलं असतं तर सोन्याच्या अक्षरांत लिहिलं असतं. आपलंच पोर मारलं, तर मेलंच नाही म्हणायचं! तेवढे तीन शब्द पुसा. दुसरं काही मागत नाही मी."

"ठीक आहे. मत घेऊ."

"माझा भाऊ मेला की नाही, ह्यावर मत घेणार?"

"पाटीवर घेतोय, बाई." नॅफ यांचा आवाज मऊच होता. गावच्या कारंज्याला रंग कोणता द्यायचा, हेही इथे हात वर करूनच ठरतं.

घ्या तर घ्या, असं म्हणून ती खाली बसली. पहिल्या बाकावर अलोइस होता. त्या सकाळी रणगाडा तोच चालवत होता. तेव्हापासून दर नाताळाला तो सुक्या नाशपातीचा ब्रेड घेऊन तिच्याकडे यायचा, स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायचा आणि फारसं न बोलता उठायचा. गावात कुणी वेडंवाकडं बोललं, तर तीच त्याची बाजू घ्यायची. धुकं होतं, म्हणायची. आज मत कुठल्या बाजूनं दे, हे त्याला सांगायची तिला गरजच वाटली नव्हती.

"शब्द पुसण्याच्या बाजूनं?"

हात वर झाले. नॅफ यांनी बोटानं मोजले. अकरा.

"विरोधात?"

तेही अकरा. मार्ग्रिटने मान वळवून पाहिलं. अलोइसचे दोन्ही हात गुडघ्यांवरच होते.

"तटस्थ?"

अलोइसने हात वर केला. कानापर्यंतच, त्याहून वर नाही.

"समसमान. म्हणजे निर्णय अध्यक्षांचा," नॅफ म्हणाले. "पाटी आहे तशी राहील. चला, सॉसेज गार होतायत."

बाकडी सरकली. लोक तिच्या शेजारून सॉसेजकडे निघून गेले. अलोइस मात्र टोपी चुरगाळत जागीच उभा होता. ती काठी टेकत त्याच्यापुढे गेली.

"ग्रेटी, समजून घे गं. ते शब्द पुसले की नवी पोरं विचारणार, का पुसले, कोण मेलं. मग विचारणार, चालवत कोण होतं. माझी नातवंडं येतात इथं. ह्याच रणगाड्यावर चढून खेळतात."

"मी कधी जाब विचारला तुला?"

"नाही."

"पन्नास वर्षांत? एकदा तरी?"

त्याने मान हलवली. वर काही त्याला पाहवेना.

मार्ग्रिटने कोटाची बटणं लावली. एकेक करून सगळी लावली.

"ह्या नाताळाला ब्रेड आणू नकोस," ती म्हणाली. "मी घरातच असेन. पण दार उघडणार नाही."