मोड आलेली मालगाडी

शीफ्रा झोपली की डर्वलाचा कारखाना सुरू व्हायचा. टेबलावरचं कुस्करलेलं गाजर पुसायचं, वर्तमानपत्र अंथरायचं आणि फडताळाच्या माथ्यावरून बुटांचा खोका खाली घ्यायचा. खोक्यात मालगाडीचे डबे. एकेक डबा बोटाएवढा, ज्यापासून साखर करतात त्या पांढऱ्या बीटाची वाहतूक करणारा. असा डबा बाजारात मिळत नाही. खऱ्या रेल्वेनेही तो विकत घेतला नव्हता. दोन जुने उघडे डबे एकावर एक चढवून, जोड मारून उंच डबा तयार केला होता. डर्वलाही तेच करत होती. दोन डबे आणायचे, एकाचा तळ करवतीने काढायचा, दुसऱ्याच्या डोक्यावर बसवायचा. फरक एवढाच, की रेल्वेच्या कारखान्यात मधेच कोणी रडत उठत नसे.

शीफ्राला दात येत होते. तिच्या झोपेचा काही भरवसा नव्हता. कधी कधी ब्रश गंजाच्या रंगात बुडून वर येईपर्यंतच आतून हाक यायची. मग एका कडेवर लेक, दुसऱ्या हातात उंच धरलेला ओला डबा, अशी डर्वला स्वयंपाकघरात येरझारा घालायची आणि लेकीला समजवायची, "हे गं आजोबांचे डबे. आपण नाही खायचे. नाहीतर आजोबा आपल्याला खातील."

आजोबा म्हणजे मॅलकी. आयर्लंडमध्ये वेक्सफर्डच्या त्या भागात पानगळ सुरू झाली की शेतांतून बीट निघायचं, बॅलीनॉक स्टेशनच्या आवारात त्याचे डोंगर लागायचे आणि मॅलकी भरलेली गाडी घेऊन बॅरो नदीच्या पुलावरून साखर कारखान्याकडे जायचा. कारखाना बंद झाला, बीटाची गाडी बंद झाली, पुढे मॅलकीही निवृत्त झाला. पण त्याने रेल्वे सोडली नाही. लहान करून घेतली. गावच्या हॉलमध्ये त्याच्या मंडळाने अख्खं बॅलीनॉक स्टेशन टेबलांवर उभं केलं होतं, आणि दर ऑक्टोबरात तिथे प्रदर्शन भरायचं.

प्रदर्शनात गाडी पळवायची तर आधी मॅलकीच्या टेबलापुढे जावं लागे. दाराशी एक दिवा, एक भिंग आणि भिंगामागे मॅलकीच्या भुवया. मंडळी त्याला 'कन्फेशन' म्हणत, चर्चमध्ये पाद्र्यापुढे पापं कबूल करतात तसं. आपल्या गाडीतल्या चुका आपणच आधी कबूल करायच्या. कबूल केलेलं सगळं माफ. पण तुम्ही गप्प बसलात आणि चूक मॅलकीला सापडली, तर गाडी खोक्यात परत. एक पाप मात्र कोणी उच्चारतही नसे. आयर्लंडचे रूळ इंग्लंडपेक्षा रुंद, आणि दुकानात मिळणारे छोटे रूळ इंग्रजी मापाचे, अरुंद. मॅलकी म्हणायचा, "ते आदिपाप. जन्मतःच लागतं. पुढचं बोला."

गेल्या वर्षी डर्वलाने पहिल्यांदा आपले डबे नेले होते. चाकं बारीक आहेत, आकडे हाताने लिहिलेत, एकाचा कोपरा वाकलाय, असं सगळं तिने भडाभडा सांगून टाकलं. मॅलकीने भिंग डब्यातल्या मालावर नेलं. मालासाठी तिने मातीच्या गोळ्या वळल्या होत्या, सगळ्या एकसारख्या, पांढऱ्याशुभ्र.

"हे काय आहे?"

"बीट."

"मला वाटलं होमिओपॅथीच्या गोळ्या. कुठल्या दवाखान्याची गाडी म्हणायची ही?"

सगळा हॉल हसला. डर्वलाही हसली, आणि परत आलेला खोका घेऊन मोटारीत बसल्यावर थोडी रडली.

यंदा हसण्यावारी नेऊन चालणार नव्हतं. मॅलकीचे हात थरथरायला लागले होते. त्याचं स्वतःचं नारिंगी-काळं इंजिन, ज्याचा पाइप न् पाइप त्याने स्वतः बसवला होता, ते फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेलं असायचं. "त्याच्या मागे लावण्याजोगं काही नाही कोणाकडे," असं तो म्हणायचा; हातांचं नाव काढायचा नाही. त्यातच त्याने जाहीर केलं होतं, की हे प्रदर्शन झालं की टेबलावरून उठणार. पुढच्या वर्षी डर्वलाची गाडी कोणीही रुळावर घेतली असती. पण तिला कोणीही नको होतं. ते इंजिन आपल्या डब्यांपुढे लागलेलं तिला बघायचं होतं, आणि ते बापाने आपल्या हाताने लावलेलं.

तर, बीट कशाचं करायचं? खसखस फार बारीक. मोहरी फार गोल. वाटाणे म्हणजे थेट कलिंगडं. शेवटी बागेच्या शेडमध्ये मुळ्याच्या बियांचं पाकीट सापडलं. ओबडधोबड बी, एकासारखं दुसरं नाही. जवळून पाहिलं तर नुकतंच जमिनीतून उपसलेलं बीट. डर्वलाने आनंदाने शीफ्राचा गालगुच्चा घेतला. मग ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर सांडलेला खराखुरा चिखल डबीत भरून आणला, पाण्यात कालवला आणि बिया त्यात भिजत घातल्या, म्हणजे माती अंगात मुरावी. दुसऱ्या दिवशी त्या डब्यांत भरल्या आणि वरून पातळ डिंक सोडला. पातळच, कारण घट्ट डिंक वाळल्यावर चमकतो, आणि चमकणारं बीट मॅलकीला दिसलं की संपलंच. मग डबे वाळायला ठेवले गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, लंगोटांच्या वर. अख्ख्या घरात त्याहून उबदार आणि शीफ्राच्या हातापासून त्याहून लांब जागा नव्हती.

त्याच संध्याकाळी शीफ्राला ताप भरला. दाढेच्या बाजूला हिरडी टम्म सुजलेली. पुढचे काही दिवस डर्वलाला डबे, बीट, बाप कशाचीच शुद्ध राहिली नाही. लंगोट काढायला तिचा नवरा लॉर्कन कपाटाशी जायचा. पण वरच्या फळीला हात लावायची, तिकडे बघायचीसुद्धा त्याला मनाई होती, आणि लग्न झाल्यापासून नेमकी हीच एक मनाई त्याने मनापासून पाळली.

प्रदर्शनाच्या सकाळी डर्वलाने कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिली.

"लॉर्कन!"

"काय झालं? टाकी गळतेय का?"

"इकडे ये आधी."

लॉर्कनने बायकोच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं. डब्याडब्यातून पांढरे दांडे वर आले होते आणि प्रत्येक दांड्यावर पोपटी पानांची जोडी, दाराच्या फटीतल्या उजेडाकडे माना वळवून. बीटाला मोड आले होते.

"डर्वला, ही मालगाडी आहे का कोशिंबीर?"

"हसू नकोस हं."

"मी कुठे हसतोय?" त्याने तोंड टॉवेलात खुपसलं. टॉवेल गदगदत होता.

शीफ्राची नखं कापायची कात्री घेऊन डर्वलाने एका डब्याला हात घातला. दांडे कापले तरी खुंट राहिले. खुंट उपटायला गेली, तर मुळांना धरून अर्धा माल आणि आतला रंग, सगळंच वर आलं. तिने कात्री खाली ठेवली.

"मी नाही जात. फोन करून सांग, शीफ्राला अजून ताप आहे."

शीफ्रा बापाच्या कडेवर ठणठणीत होती. त्या पानांकडे हात करून खिदळत होती.

"हा साक्षीदार फुटणार आपला," लॉर्कन म्हणाला. "अगं, कन्फेशनला कोण जातं? पाप केलेली माणसंच ना? चल, कोट घाल."

हॉलमध्ये चहा उकळत होता. मंडळाची खजिनदार अट्रॅक्टा हॅमच्या सँडविचांचे त्रिकोण कापत सगळ्यांवर नजर ठेवून होती. मॅलकीच्या टेबलापुढे दातांचे एक डॉक्टर उभे होते, हातात झगझगीत इंजिन.

"मॅलकी, मी पापी आहे. खिडक्यांच्या काचा जाड झाल्यात. आणि टाकीचा रंग अंदाजाने दिलाय."

मॅलकीने भिंग फिरवलं. "माफ. पण सारखं पुसणं बंद करा हो. इंजिन आहे, दाढ नाही. जा, थोडी काजळी लावून आणा."

डर्वला पुढे झाली. मॅलकीने आधी नातीकडे पाहिलं. "उतरला का ताप माझ्या राणीचा?" मग भुवया खाली आल्या. "हं. बोला."

"डॅडी, चाकं अजून बारीकच आहेत."

"माफ."

"एका डब्यातला अर्धा माल सांडलाय."

"खऱ्यातही सांडायचा. माफ. आणखी?"

"आणि..." तिने डोळे मिटून खोक्याचं झाकण काढलं. "माझ्या बीटाला मोड आलेत."

अट्रॅक्टाची सुरी हवेत थांबली. "अरे देवा! आणि मी उगाच वाण्याकडून हिरवा पाला आणला सँडविचांसाठी."

मॅलकीने भिंग उचललं. हात थरथरत होता म्हणून कोपर टेबलाला टेकवलं. एक डबा पाहिला, दुसरा पाहिला, मग पहिल्याकडे परत आला. डर्वला लेकीचा मोजा उगाच वर ओढत राहिली.

"पान चुकलंय," मॅलकी म्हणाला.

"काय?"

"हे मुळ्याचं पान. बीटाचं लांब असतं. देठ जाड असतो."

"डॅडी, मी पान लावलेलंच नाही! ते आपलं आपण आलंय!"

"तरी चुकलंय." त्याने भिंग खाली ठेवलं. "बाकी बरोबर आहे."

"बरोबर?"

"कारखाना बंद झाला तेव्हा डबे बॅलीनॉकच्या बाजूच्या रुळावर तसेच सोडले होते. तळाशी माती होती, राहिलेलं बीट होतं. ते उगवलं. रविवारी चर्चला जाताना दिसायचे. दर वर्षी जास्तच हिरवे." "इथल्या स्टेशनातही तिथेच ठेव हे. मालधक्क्यामागच्या रुळावर. शोभतील."

"उभे?"

"उभेच. हिरवे झाल्यावर ते कुठे धावले?"

डर्वलाने डबे उचलले नाहीत.

"धावले होते, डॅडी. भंगारात नेले त्या दिवशी. शाळा बुडवून मी फाटकापाशी उभी होते. सगळी झुडपं डुलत निघाली होती. इंजिनात तुम्ही असणार म्हणून मी केवढा हात हलवला. बघते तर आत दुसराच कोणीतरी."

"माझी कंबर धरली होती त्या दिवशी."

"हो तर," अट्रॅक्टा लोणी फासत म्हणाली. "त्याच दिवशी माझ्या शेडवर चढून छप्पर बसवून दिलंस. फार धरली होती बिचारी."

"धरली होती म्हटलं ना!"

"कबूल केलेलं सगळं माफ असतं," डर्वला हळूच म्हणाली. "नियम तुमचाच."

कोटाच्या आतल्या खिशात हात घालून मॅलकीने फ्लॅनेलचं पुडकं काढलं आणि टेबलावर सोडलं. इंजिन तो दर प्रदर्शनाला घेऊन यायचा आणि न उलगडता घरी न्यायचा, हे डर्वलाला तेव्हा कळलं.

जोडायचा आकडा इवलासा होता. मॅलकीने इंजिन रुळावर ठेवलं, मागे ढकललं, आकडा चुकला. पुन्हा चुकला. डर्वलाने त्याच्या हाताला हात लावला नाही. तिने पहिला डबा दोन बोटांत गच्च धरून ठेवला, आणि तो थरथरत, शिव्या पुटपुटत, वाकून लावतच राहिला. एकदाचा आकडा अडकला.

"जरा बेतानं," तो बटणाशी बसत स्वतःलाच म्हणाला. नारिंगी इंजिन हललं. मागून डबे निघाले आणि सगळी पानं एकदम मागे झुकली, मग डुलायला लागली. दातांचे डॉक्टर काजळी लावायचं सोडून बघायला आले. पुलाशी शीफ्राने झडप घालून एक मूठ पाला उपटलाच. डर्वलाने तो तिच्या तोंडातून वेळेवर काढला.

"काय वाहून नेतेय ही गाडी?" एका पाहुण्या बाईंनी विचारलं.

"बीट," मॅलकी नजर न हलवता म्हणाला. "पान चुकलंय. पुढच्या वर्षी खऱ्या बीटाचं बी लावायचं आहे."

"पुढच्या वर्षी तुम्ही टेबलावर नसणार ना?" डर्वला म्हणाली.

"पान बरोबर येईपर्यंत मला उठता येतंय का? काहीतरीच बोलतेस," मॅलकी म्हणाला, आणि त्याने वळणापाशी गाडीचा वेग कमी केला.