गरुडाचं कुलूपबंद टपाल

छापखान्यात त्याला सगळे गरुड म्हणत, आणि तोही म्हणवून घेई. औषधाच्या खोक्यात बारीक घडी करून कोंबलेला एक कागद असतो. विकत घेणारा तो न उघडताच फेकून देतो. छापण्याआधी तोच कागद हा गृहस्थ शब्द न् शब्द वाचायचा. दोन गोळ्यांच्या वीस गोळ्या होऊ नयेत, एवढ्यासाठी मालक त्याला पगार देई. कौतुक मात्र पगारापेक्षा जास्त करी, कारण ते स्वस्त पडतं.

अशा माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदूनं बिऱ्हाड करावं, याला काय म्हणावं? आधी दिव्याभोवती कडी दिसू लागली, मग उभ्या रेघांना सावल्या फुटल्या. गरुडानं चष्मा पुसला, कागदाला नावं ठेवली, शाईला शिव्या दिल्या, आणि दोष द्यायला कुणी उरलं नाही तेव्हा नेत्ररुग्णालयाला एक मेल टाकली. तिथेच घोळ झाला. दुसऱ्या दिवसापासून छापखान्यातल्या त्याच्या कॉम्प्युटरवर मोतीबिंदूच्या जाहिराती नाचायला लागल्या. कुठलीही बातमी उघडा, बाजूला एक आजोबा डोळ्याला पट्टी बांधून हसतायत.

"काय हो, मोतीबिंदू कुणाला झालाय?" शेजारच्या टेबलावरून पानं लावणारा ओरडला.

"सासूबाईंना," गरुड म्हणाला. सासूबाई वारून बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांनी हरकत घेतली नाही.

आधीच्या मुद्रितशोधकाची नजर अधू झाली तेव्हा मालकानं त्याचा सत्कार केला होता, आणि हार वाळायच्या आत त्याला गोदामात खोकी बांधायला बसवलं होतं. आपलं तसं होऊ द्यायचं नाही, गुपचूप ऑपरेशन उरकायचं, आजारपणाची रजा टाकायची आणि परत येऊन पुन्हा गरुड व्हायचं, असं गरुडानं ठरवलं. मालकाला कळता कामा नये, पानं लावणाऱ्याला कळता कामा नये, आणि बायकोला तर नाहीच नाही. बायको एके काळी त्याच छापखान्यात होती. ती मूळ मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायची आणि हा समोरच्या प्रुफात चुका धरायचा. तिनं लग्न केलं ते आपल्या नजरेशी, अशी त्याची समजूत होती. समजुतींची प्रुफं कुणी तपासत नाही.

शेवटी त्यानं मेहुण्याला गाठलं. बायकोचा हा धाकटा भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. ताईला सांगणार नाही अशी त्याच्याकडून आधी शपथ घेतली.

"भावोजी, एन्क्रिप्टेड मेल घ्या," मेहुणा म्हणाला. "मजकूर तुमच्याकडेच कुलूपबंद होतो आणि किल्लीही तुमच्याचकडे. कंपनीनं ठरवलं तरी तिला वाचता येत नाही."

"मग रुग्णालयानं वाचायचं कसं?"

"त्यांना वेगळी किल्ली द्यायची. तुम्ही आधी कंपनी तर निवडा."

निवडायचं म्हटल्यावर गरुडाच्या अंगात आलं. लोक ज्या अटी न वाचता 'मान्य' म्हणून टाकतात, त्या त्यानं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतल्या. डोळे साथ देत नव्हते, म्हणून अक्षर इतकं मोठं केलं की पडद्यावर चारच शब्द मावायचे. समोरच्या इमारतीतल्या माणसालाही त्या अटी सहज वाचता आल्या असत्या. शिवाय सवयीप्रमाणे तो मोठ्यानं वाचायचा. "'आम्ही आपल्या खासगीपणाचा आदर करतो' पूर्णविराम." स्वयंपाकघर प्लायवुडच्या पार्टिशनपलीकडे होतं. तिथला नळ मध्येच बंद व्हायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. पाण्याचा दाब कमी झाला असेल, असं गरुडाला वाटायचं.

पहिली कंपनी फुकट होती, म्हणून तिच्यावर विश्वास बसेना. दुसरीच्या अटींत तीन स्वल्पविराम गायब होते. "ज्यांना स्वल्पविराम सांभाळता येत नाही ते माझं गुपित काय सांभाळणार?" असं म्हणून त्यानं तिला निकालात काढलं. तिसरीची यंत्रं एका डोंगराच्या पोटात, जाड पोलादी दारामागे ठेवलेली होती आणि अटींत एकही चूक नव्हती. गरुड खूश झाला.

"पासवर्ड कुठेही लिहू नका," मेहुण्यानं बजावलं. "आणि विसरलात तर संपलं. जगात कुणीही तो परत देऊ शकत नाही."

"मी विसरेन? मी?"

मग डोंगराच्या पोटातून पत्रव्यवहार सुरू झाला. "'डाव्या डोळ्यानं धूसर दिसतं' पूर्णविराम. 'ही बाब कृपया गुप्त ठेवावी' पूर्णविराम. 'गुप्त' ठळक." जाहिराती हळूहळू बंद झाल्या. याच सुमारास घरातही काही बदल झाले. टेबलावर जास्त उजेडाचा दिवा आला. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरी पट्टी आली. "रंग उरला होता," बायको म्हणाली. गरुडाला संशय आला नाही. उलट, इतकी माणसं आसपास असून कुणाला पत्ता लागला नाही, म्हणून त्यानं मनातल्या मनात कंपनीची पाठ थोपटली. मांजर डोळे मिटून दूध पितं, आणि याचे तर निम्मे मिटलेलेच होते.

शनिवारी संध्याकाळी फोनवर निरोप आला: ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, मेलवर गेल्या आठवड्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आजच द्या, नाहीतर तारीख दुसऱ्या रुग्णाला जाईल आणि पुढची तीन महिन्यांनी मिळेल. गरुड टेबलाशी बसला. पासवर्ड टाकला. चुकीचा. मधमाशी होती हे नक्की. बायकोनं आणि त्यानं मिळून वाचलेलं पहिलं पुस्तक मधमाश्यांवरचं होतं. पण उद्गारचिन्ह आधी की आकडा आधी? पुन्हा चुकीचा. आता शेवटचा प्रयत्न उरला होता. तोही फसला तर खातं उद्यापर्यंत बंद. तीन महिने ही नजर टिकणार नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर गोदाम आलं, दोरीचं बंडल आलं, सत्काराचा हार आला. तो मनापासून घाबरला. जन्मात पहिल्यांदा तो तोंडातून शब्द न काढता पडद्याकडे बघत राहिला.

पार्टिशनपलीकडचा नळ बंद झाला. मग तिथून आवाज आला, छापखान्यातला तो जुना, सपाट, घाई नसलेला आवाज.

"मधमाशी. उद्गारचिन्ह. त्रेपन्न. स्वल्पविराम. पुन्हा मधमाशी."

गरुडानं टाइप केलं. डोंगराचं पोलादी दार उघडलं.

"त्यानं सांगितलं तुला?" गरुडानं पार्टिशनकडे वळून विचारलं.

"माझ्या भावानं? तो बिचारा शपथेला जागला," बायको हात पुसत बाहेर आली. "दुसरी कंपनी स्वस्त होती हो. उगाच स्वल्पविरामांवरून हाकललीत."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"'गुप्त' ठळक म्हणालात ना."

गरुडाला हसावं की रडावं कळेना.

"आणि तुम्ही घरी आणता ती प्रुफं," ती म्हणाली, "सकाळी तुम्ही आंघोळीला गेलात की मी वाचते. लाल पेनानं खुणा करते. दिसल्या का कधी?"

"नाही."

"म्हणूनच."

"काय सुटलं होतं?"

"एके ठिकाणी दोनाच्या वीस झाल्या होत्या."

गरुड खाली मान घालून बसला. आपण गोदामाला घाबरत होतो, आणि तिकडे कुणीतरी वीस गोळ्या गिळल्या असत्या. या घरात एवढे दिवस गरुड कोण होतं, हे त्याला आत्ता समजलं, आणि लाज वाटली. बायकोनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला होता.

"सोमवारी मालकाला मी सांगते," ती म्हणाली. "तुम्ही येईपर्यंत प्रुफं मी वाचीन. आता रुग्णालयाचं उत्तर द्या, तारीख जाईल."

पडद्यावर प्रश्न होता: ऑपरेशनच्या दिवशी सोबत कोण असेल? खाली त्यानंच गेल्या आठवड्यात लिहून, न पाठवता ठेवलेलं उत्तर होतं. सवयीनं त्यानं ते वाचलं. "'सोबत कुणी नाही' पूर्णविराम. 'एकटाच येईन' पूर्णविराम."

"दोन्ही वाक्यं खोडा."

"काय घालू?"

"'पत्नी' घाला. बाकी काही नको."

त्यानं घातलं आणि उत्तर पाठवलं. पडद्यावर मोठमोठ्या अक्षरांत चार-चार शब्द सरकू लागले, आणि गरुडानं ते मोठ्यानं वाचले. "'हा मजकूर तुमच्याशिवाय आणि स्वीकारणाऱ्याशिवाय जगात तिसरं कुणीही वाचू शकत नाही'..."

"पूर्णविराम," बायको म्हणाली.