तिप्पट सुरक्षित

मी गोळ्यांचा डबा बोलतोय. बोलतोय म्हणजे खुळखुळतोय. त्यातून तुम्हाला काही अर्थ लागला तर तो तुमचा मोठेपणा. मला सात खण, सात झाकणं आणि प्रत्येकावर वाराचं पहिलं अक्षर. बुधवारचं झाकण जन्मापासून ढिलं आहे. कारखान्यात तपासणाऱ्या बाईने ते दोनदा दाबून पाहिलं, खांदे उडवले आणि मला पुढे सरकवलं. खरं तर मला नापासच करायला हवं होतं की काय, ही शंका मला अजून छळते.

औषधांच्या दुकानात मी टूथब्रश आणि थर्मामीटर यांच्यामध्ये टांगलेला होतो. तिथे मला साहेबांनी निवडलं. सातही झाकणं उघडून, लावून, पुन्हा उघडून वीस मिनिटं पाहिलं. त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "जावई शोधायला एवढा वेळ लावला नव्हता तुम्ही."

साहेब पूल बांधणारे इंजिनिअर, बाई गणिताच्या शिक्षिका. दोघंही निवृत्त. साहेब कुलूप लावलं की तीनदा ओढून बघत, गॅसही तीनदा तपासत. बाई रोज सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना एक गुणाकार टाकत आणि चहा गार व्हायच्या आत साहेब उत्तर देत. चाळीस वर्षं हा खेळ चालू होता. उत्तर बरोबर आलं की बाई फक्त "हं" म्हणत. त्या घरात प्रेमाबद्दल यापलीकडे काही बोललं गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

साहेबांची हाडं जरा ठिसूळ निघाली, म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी 'ड' जीवनसत्त्वाची भारी गोळी लिहून दिली होती. आठवड्याला एक. शिवाय रोज कॅल्शियम, पण ते साहेब बाटलीतूनच घेत. साहेबांनी मला टेबलावर उघडं ठेवलं आणि भारी गोळीने सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन खण भरले.

बाई म्हणाल्या, एक सांगितली होती ना. साहेबांनी समजावलं की दहा टनांचा पूल कधी दहा टनांचा बांधत नाहीत; तीस टन पेलेल असा बांधतात. डॉक्टर सांगतात ते किमान. आणि हे काही औषध नव्हे, व्हिटॅमिन आहे. जास्त झालं तर शरीर बाहेर टाकतं.

यातला अर्धा भाग खरा होता, हीच पंचाईत. त्यांची 'क' जीवनसत्त्वाची नारिंगी गोळी बरीचशी बाहेर पडत असे. बाई म्हणत, या घरात सगळ्यात पौष्टिक आहार संडासाच्या भांड्याला मिळतो. पण 'ड' पाण्यासोबत वाहून जात नाही. ते चरबीत शिरून मुक्काम ठोकतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डब्याला सगळं मागाहून कळतं. पण साहेब तर शिकलेले होते.

दोन महिन्यांत साहेबांना तहान लागायला लागली. तांब्यामागून तांब्या रिकामा होई आणि लघवीच्या फेऱ्या सुरू. दुसऱ्या कामाची मात्र उलट तऱ्हा. थकवाही वाढला. त्यावरून साहेबांनी निष्कर्ष काढला की मात्रा कमी पडतेय, आणि माझे सातही खण भरले. आठवड्याला एकदा घ्यायची गोळी आता रोज होऊ लागली आणि रोज व्हायचं ते काम आठवड्याला एकदा.

मग एका सकाळी बाईंनी विचारलं, "सतरा गुणिले तेवीस?"

साहेब चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती. चहावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बारा गुणिले अकरा विचारलं. नंतर सात गुणिले आठ. मग त्यांनी विचारणंच सोडलं. कप ठेवायच्या आणि खिडकीकडे बघत बसायच्या.

मुलगी आली. तिने साहेबांकडून गाडीची किल्ली काढून घेतली आणि बाईंना फोनवर एका वृद्धनिवासाचे फोटो दाखवले. भिंतीला कठडे, दाराला बाहेरून कडी. "आई, बाबा काल मला मावशी म्हणाले," एवढंच तिने सांगितलं. विसरण्याचा आजार आहे, हे दोघींनी धरूनच चाललं होतं. तज्ज्ञांची वेळ मिळाली की त्या निवासातली खोली पक्की करायची, असं ठरलं.

साहेब दाराआड होते. दुपारी ते माझ्या शेजारी वही घेऊन बसले आणि आठाचा पाढा लिहू लागले. आठ सक अठ्ठेचाळीसपाशी अडकले. इकडेतिकडे पाहिलं, गुरुवारचा खण उघडला, गोळी गिळली. मग खात्रीसाठी शुक्रवारचीही.

मी उघडलो. उघडणं हेच माझं काम. तरी त्या दुपारी एखादं झाकण अडकलं असतं तर, असं मनात येतं.

तज्ज्ञ डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी साहेबांना घड्याळ काढायला सांगितलं. साहेबांनी गोल सुरेख काढला आणि बाराही आकडे उजव्या बाजूला गर्दी करून बसवले. औषधं कोणती चालू आहेत, असं डॉक्टरांनी विचारलं. तिघंही एकदम म्हणाले, काही नाही. डॉक्टरांनी 'काही नाही' असं लिहिलंसुद्धा.

तेवढ्यात बाईंनी रुमालासाठी पर्स उघडली. साहेबांची दुपारची गोळी चुकू नये म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं होतं. रुमालासोबत मी बाहेर आलो, टेबलावर आपटलो आणि बुधवार उडाला. मी मुद्दाम उडी मारली, असं सांगायला मला आवडेल. पण झाकण ढिलं होतं, बस.

डॉक्टरांनी घरंगळलेली गोळी उचलली. ही कोणती, म्हणून विचारलं. बाई हळूच म्हणाल्या, "ड. आठवड्याला एक सांगितली होती."

डॉक्टरांनी माझी बाकीची झाकणं एकेक करून उघडली. उरलेल्या प्रत्येक खणात तीच. साहेब सरसावले. चाचपडत, शब्द शोधत, पण अभिमानाने त्यांनी दहा टन आणि तीस टन समजावून सांगितलं. डॉक्टरांनी मध्ये तोंड घातलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "काका, यात पूल कोण आहे?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं.

"पूल तुम्ही आहात. गोळी म्हणजे वरून जाणारा ट्रक. दहा टनांची पाटी लावलेल्या पुलावर एखाद्याने सत्तर टन घातले तर?"

साहेब आपल्या एकांगी घड्याळाकडे बघत राहिले. म्हणाले, "मी त्याला नोकरीवरून काढीन."

त्याच दिवशी रक्त तपासलं. कॅल्शियम बेसुमार चढलं होतं, मूत्रपिंडंही दमली होती. साहेबांना दवाखान्यात ठेवून सलाइन लावलं, गोळ्या बंद केल्या. डोक्याचा तोल गेला होता तो बहुधा यानेच, असं डॉक्टर म्हणाल्या. चरबीत साठलेलं 'ड' उतरायला काही महिने लागतील. डोकं कितपत ताळ्यावर येईल, ते आज सांगता येणार नाही.

साहेब घरी आले. तहान हटली, पोट वठणीवर आलं. मुलीने खोलीचा निर्णय पुढे ढकलला. पण बाईंनी काही विचारलं नाही. विचारलं आणि उत्तर आलं नाही तर, या धास्तीने असावं. निदान मी तरी तसंच केलं असतं.

तिसऱ्या महिन्यातली एक सकाळ. बाईंनी कप ठेवला आणि खिडकीकडे वळल्या.

"तीनशे एक्याण्णव," साहेब म्हणाले.

बाई न वळताच म्हणाल्या, "उशीर केलात. चहा गार झाला असेल."

चहा वाफाळत होता. तरी त्या कप उचलून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ गॅस पेटवल्याचा आवाज आला नाही.

आता माझ्यात बटणं असतात. साहेब मला फेकायला निघाले होते, बाईंनी ठेवून घेतलं. साहेब अजून कुलूप तीनदा ओढतात. कुलपाला त्याने काही होत नाही. मला सल्ले देण्याचा अधिकार नाही, मी सगळं होईपर्यंत गप्पच होतो. तरी डॉक्टरांनी विचारलं की माझ्यासारख्यांच्या पोटात काय आहे ते सगळं सांगा. औषध कोणतं आणि कोणतं नाही, ते त्या ठरवतील.

बुधवारचं झाकण अजून उडतं. बाई दोनदा दाबून बघतात आणि सोडून देतात. साहेब परवा चिकटपट्टी घेऊन आले होते, पण बाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.