पंधराचा आकडा

मित्रांनो, माझ्या छातीवर पंधरा हा आकडा चांगला ठसठशीत उठलेला आहे, आणि तो खोटा आहे. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील.

मी व्यायामाची एक जुनी लोखंडी प्लेट. रॉडच्या टोकाला अडकवतात ना, मधोमध भोक असलेली गोल चकती, तीच. माझा जन्म एका ओतशाळेत झाला. वाळूच्या साच्यात लोखंडाचा तापलेला रस ओतत, की झाली प्लेट तयार. माझी जोडीदारीण माझ्या आधी ओतली गेली, काठोकाठ भरली. माझ्या पाळीला भांड्यातला रस कमी पडला. आकड्याची बाजू खाली होती, ती नीट उमटली. पाठ मात्र नखभर बसकी राहिली. साचेवाल्याने वाकून पाहिलं. दिवसभर भट्टीपुढे उभा राहून बिचारा घामाने निथळत होता. “राहू दे,” तो म्हणाला, “एकदा रंग लागला की कोण बघतंय!”

खरंच कुणी बघितलं नाही. दहा-दहा प्लेटांचा ढीग करून तोलायची तिथली पद्धत. नऊ जणींच्या पुण्याईवर मी पार झाले. पंधराची म्हणून निघाले, भरत होते तेरा.

पुढची बरीच वर्षं एका व्यायामशाळेत गेली. तिथे माझं फार कौतुक! पोरं येत, मला शोधून काढत. “ही लाडकी आहे, हिच्याबरोबर वजन झटक्यात उठतं,” म्हणत. मित्रांनो, स्तुती गोड लागते, बरं का. ती आपली नाही हे ठाऊक असलं तरी लागते. एकाने माझ्या जोरावर स्पर्धेत नाव घातलं आणि तिथे खऱ्या वजनापुढे त्याचे गुडघे वाकले. परत आला तो मान खाली घालूनच. वस्तादांनी त्याला आळशी म्हटलं. मी भिंतीला टेकून ऐकत होते.

मग रबरी प्लेटा आल्या आणि आम्हा दोघींना जिन्याखाली टाकलं. गंज चढला. मला वाटलं, फिटलं पाप. पण देव इतक्या स्वस्तात सोडत नाही. एक दिवस एक म्हातारे वायरमन आले आणि रॉडसकट आमची जोडी घेऊन गेले. सुनेसाठी.

ही सून हॉस्पिटलात वॉर्डात कामाला होती. सगळे तिला मावशी म्हणत. रोग्यांना उठवायचं, बसवायचं, कूस बदलून द्यायची, असं तिचं काम. दोन वर्षांपूर्वी एका आजोबांना खाटेवरून खुर्चीत बसवताना तिच्या उजव्या खांद्यात कळ आली, हात सुटला आणि आजोबा पडले. त्यांचं मनगट मोडलं. “चालायचंच गं पोरी,” असं तेच तिला म्हणाले. खांदा चार महिन्यांत बरा झाला, पण मावशी काही उठली नाही. खिडकीपाशी एक खुर्ची होती, तिच्या गादीला खळगा पडला एवढी ती तिथे बसून राहिली. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. घरात ती आणि सासरे.

शेवटी हॉस्पिटलातल्या मेट्रनबाईंनी निरोप धाडला: जागा तीन महिने धरून ठेवते. चाळीस किलो जमिनीवरून सरळ उचलून दाखव, दोन्ही हात सारखे, तीन वेळा. मग खुशाल ये.

चाळीस म्हणजे दहाचा रॉड आणि आम्ही दोघी.

पहिला महिना नुसत्या रॉडवर गेला. दुसऱ्याच दिवशी अंग भरून आलं आणि ती जिना कठडा धरून आडवी उतरली. बाबा, म्हणजे तिचे सासरे, स्टुलावर बसून मोजायचे. “सूनबाई, दातओठ खाऊन वजन उठत नाही. दात तेवढे पडतील.”

“तुमचे पडले तसे?”

“माझे वीज खाऊन पडले. सहा, सात. पाठ सरळ!”

दुसऱ्या महिन्यात किरकोळ वजनं लावली. तिसऱ्या महिन्यात आम्ही आलो. माझ्या कडेला लाल रंगाचा ठिपका आहे. ठिपकेवाली डावीकडे, बिनठिपक्याची उजवीकडे, असं मावशीने ठरवून टाकलं. हॉस्पिटलातली सवय, वस्तू जिथल्या तिथे.

आणि तिथेच माझं पाप उभं राहिलं. तिने वजन उचललं. माझी बाजू चटकन वर आली, जोडीदारणीची मागे राहिली. रॉड उजवीकडे कलला.

“उजवा हात,” ती पुटपुटली.

रोज तेच. तिने उजव्या हाताला जास्त व्यायाम दिला, शेकलं, चोळलं. रॉड कलायचा तो कललाच. आरशासमोर उभी राहून ती त्या खांद्याला दातओठ खात शिव्या द्यायची. “तूच पाडलंस त्यांना. तूच.” मित्रांनो, मला लोखंडाचं अंग आहे, तरी ते ऐकवत नसे. दोन किलोंचा खोटेपणा माझा, आणि त्याची शिक्षा एका धडधाकट हाताला! ओरडून सांगावंसं वाटे, अगं, मला एकदा पालथी करून बघ. पण आमच्या जातीला बोलणं दिलेलं नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने मेट्रनबाईंना चिठ्ठी लिहिली. हातात जोर राहिला नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. घडी करून ती पर्समध्ये ठेवली.

सकाळी बाबांच्या हातून चहा सांडला. त्यांनी आम्हाला काढून फरशी पुसली आणि पुन्हा रॉडला लावलं. ठिपका त्यांच्या लक्षात कुठला राहायला! मावशी चिठ्ठी द्यायला निघाली होती. चप्पल घातलेली. काय वाटलं कोण जाणे, चप्पल काढून आली. “एकदा शेवटचं,” म्हणाली.

उचललं. रॉड डावीकडे कलला.

“घ्या! आता डावाही गेला,” म्हणून ती मटकन खाली बसली. डोळ्यांत पाणी.

बाबा मात्र स्टुलावरून उठले. “थांब जरा. काल उजवा, आज डावा? दुखणं काय भाड्याने राहतं, घर बदलायला?”

“बाबा, थट्टा नको.”

“थट्टा नाही करत. दिवा लागत नसला की मी काय करायचो? बल्ब काढून दुसऱ्या होल्डरला लावायचो. तिथेही नाही लागला तर बल्ब मेलेला. होल्डरला नावं ठेवायची नाहीत.” त्यांनी आम्हा दोघींची जागा बदलली. “उचल.”

रॉड उजवीकडे कलला.

पुढचं सांगायला नको. वजनकाटा ओढून आणला. मावशी एकसष्ट. जोडीदारणीला घेऊन शहाहत्तर. मला घेऊन चौऱ्याहत्तर. बाबांनी मला पालथं घातलं, बोट फिरवलं. “लबाड कुठली!” एवढंच म्हणाले. त्या एका शब्दाची मी किती वर्षं वाट पाहत होते!

मावशीने डाव्या हाताने उजवा खांदा धरला. “तुला उगाच बोलले रे,” ती त्याला म्हणाली. मग हळूच विचारलं, “बाबा, मग त्या दिवशीही हाताची चूक नसेल?”

“ते मला माहीत नाही. तुलाही नाही. नऊ वाजलेत, निघ.”

ती गेली. संध्याकाळी आली, पर्समधली चिठ्ठी फाडून केरात टाकली. ट्रंकेतून कामावरचा निळा कोट काढला आणि बादलीत साबणाच्या पाण्यात भिजत घातला. बाबा शेजारी उभे होते. “कॉलर घासून धू,” एवढंच म्हणाले, आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्या घरी कुणी बऱ्याच दिवसांनी पुन्हा उठून उभं राहत असेल, आई असेल, आजोबा असतील, आणि त्यांचा हात थरथरला, तर लगेच हाताला दोष देऊ नका. हातात काय दिलंय, ते आधी तोलून बघा. आणि तुमच्या अंगी काही कमी असेल, तर ते वेळेवर सांगा. तुम्हाला देवाने तोंड दिलं आहे.