दोरा बांधलेली मिरची

भाजलेली तिसरी मिरची सोलताना बोटांना देठावर गाठ लागली, आणि हात तिथेच थांबले.

दोरा होता. मार्चमध्ये वसंताच्या स्वागताला मनगटावर बांधायचा लाल-पांढऱ्या पिळाचा दोरा. सासूबाई तो जपून ठेवत आणि ऑगस्टच्या उन्हात बियाण्याच्या मिरच्यांना बांधत. तीन देखणी फळं, झाडावरच सुरकुतू द्यायची, बी त्यांचंच धरायचं. त्या गेल्यावर मी बांधायला लागले. यंदा पावसाने दोऱ्याचा रंग पार धुऊन नेला होता. देठ विस्तवाबाहेर राहिला म्हणून या एकीची गाठ तेवढी वाचली.

"छान दिसल्या म्हणून तोडल्या," वल्को, माझा नवरा, धुमसत्या भट्टीपाशी उभा राहून म्हणाला. "तुझ्यासाठीच."

"छान होत्या म्हणूनच ठेवल्या होत्या रे."

तो चिमट्यासकट खाली बसला. झाडांवर आता एकही फळ नव्हतं. बाकीच्या केव्हाच बरण्यांत गेल्या होत्या. जुनं बीही नव्हतं. वसंतात गोठलेल्या दहिवराने रोपं मारली तेव्हा डबी झाडून दुसऱ्यांदा पेरलं होतं. सासूबाईंची ती गोड, चपटी, खांद्यावर चुण्या असलेली मिरची माझ्या हातात भाजून संपली होती.

रोदोपी डोंगराच्या या उतारावर ती आणखी एकाच घरी असू शकत होती. पण कुंपणापलीकडे, वरच्या अंगाला राहणाऱ्या नेदाशी माझं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. तिने कुंपणालगत तिखट मिरची लावली, मधमाश्यांनी आपलं काम केलं, आणि पुढच्या वर्षी वल्कोच्या नावाच्या सणाला, म्हणजे त्याच्या नावाच्या संताच्या दिवशी, पाहुणे खोकून खोकून लाल झाले. मी कुंपणावरून म्हटलं होतं, तुझी जीभ अन् तुझी मिरची एकाच वाफ्यातली. त्यानंतर तिने कुंपणालगत काहीच लावलं नाही. मला वाटायचं, रुसवा.

तिच्या फाटकाशी गेले. नेदा अक्रोड फोडत होती.

"परत तिखट निघाली का?"

"नाही. संपली," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

ती आत गेली, कापडाची पुरचुंडी घेऊन आली. तिच्या लग्नात सासूबाईंनीच मूठभर बी दिलं होतं. भावाच्या गिरणीपाशी, वर, जिथे दुसरी मिरची नाही, तिथे ती दरवर्षी लावत होती. वर थंडी लवकर, म्हणून लवकर पिकणाऱ्यांचंच बी धरत गेली. आता ती आठवडाभर आधी पिकते, चुण्याही जरा खोल.

"आणि कुंपणाजवळची तिखट मी तेव्हाच बंद केली," नेदा म्हणाली. "खोकला माझ्या अंगणातही ऐकू आला होता."

माझे ओठ हलले.

"खबरदार, आभार मानलेस तर. एक बी उगवायचं नाही."

आमच्याकडे बियाण्याचे आभार मानत नाहीत, बी रुसतं. मी पुरचुंडी छातीशी धरून, शब्द गिळून, उतार उतरले. वाटेत डोळे मात्र कुणाचं ऐकेनात.

पुढच्या सप्टेंबरात मिरची आठवडाभर आधी लाल झाली. चुण्या नेदाच्या, गोडी सासूबाईंची. चार फळांना मी नवाकोरा लाल दोरा बांधला. ती पुरती पिकली तेव्हा त्यातलं सगळ्यात देखणं फळ दोऱ्यासकट तोडलं, मुकाट्याने नेदाच्या फाटकावर अडकवलं आणि वळले.

"गाठ पक्की आहे ना?" आतून आवाज आला. "वल्को या बाजूलाही फिरकतो हं."