फिरवू नये

मित्रांनो, मी एक जुने इंजिन आहे. माझ्या आतले बहुतेक भाग मात्र नवे आहेत. या विधानात कोणाला विसंगती दिसली, तर त्याने एवढेच ध्यानात घ्यावे, की वय माझ्या बिडाच्या सांगाड्याचे आहे आणि कोरेपण माझ्या पिस्टनांचे. एका मिस्त्रींच्या घरची छोटी मोटार मी वीस वर्षे ओढली. त्यांची लेक त्याच मोटारीवर चालवायला शिकली. पुढे मी धूर ओकू लागले, आणि मिस्त्रींनी मला उतरवून शेवटच्या स्क्रूपर्यंत सुटे केले.

त्यांनी मला पुन्हा बांधले, तेव्हा त्यांच्या हातांना कंप सुटला होता. एकेक नट ते दोनदा आवळत आणि तिसऱ्यांदा तपासत. जे काम पूर्वी आठवड्यात होई, त्याला चार महिने लागले.

"हे माझं शेवटचं," काम संपल्यावर ते पत्नीला म्हणाले. "पण गाडीत बसवायचं ते पोरीनं. तिच्या हातानं."

पोर जहाजावर, इंजिनघरात नोकरीला होती. ती येईपर्यंत मला ठेवायचे होते. लोक समजतात, की यंत्र चालवल्याने झिजते आणि नुसते ठेवल्याने टिकते. हे अर्धसत्य आहे. ठेवलेल्या यंत्राला हवेतली ओल खाते, आणि ती कोणाच्या नजरेस न पडता खाते. मिस्त्रींनी माझ्या सिलिंडरांच्या भिंतींना आतून दाट तेल लावले. माझी सगळी तोंडे रबर आणि पत्र्याच्या झाकणांनी बंद केली. प्लगांच्या चार भोकांत पारदर्शक बुचे बसवली. त्यांत ओल शोषणारे निळे दाणे होते. मग मला लोखंडी घोडीवर चढवून जिन्याखालच्या खोलीत नेले, वर जाड आच्छादन घातले आणि तारेने एक चिठ्ठी बांधली: 'आत तेल लावले आहे. फिरवू नये.'

पत्नीला त्यांनी एकच गोष्ट शिकवली. "दर सोमवारी रंग बघायचा. निळा असेल तर हात लावायचा नाही. गुलाबी झाला, की दाणे बदलायचे. बाकी सगळं वहीत लिहिलंय."

"आणि तुम्ही कुठे चाललात?" त्या हसून म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात मिस्त्री गेले.

मित्रांनो, पुन्हा बांधलेले आणि त्यानंतर एकदाही न धडधडलेले इंजिन असणे म्हणजे काय, हे मी कसे सांगू? माझ्या डोक्यावरून पावले जिना चढत, उतरत. बाहेरच्या रस्त्याने दुसरी इंजिने जात. त्यांतले कोणते खोकते आहे, हे मला भिंतीआडून कळे. माझ्या नव्या पिस्टनांना मात्र ऊब ठाऊक नव्हती. दर सोमवारी आच्छादनाचा कोपरा वर होई, टॉर्चचा उजेड चार बुचांवरून फिरे, आणि मिस्त्रींच्या पत्नी हात पाठीमागे बांधून वाकून पाहत. चुकूनही बोट लागू नये, म्हणून हात पाठीमागे. "निळा," त्या म्हणत. कोपरा खाली येई. आठवड्यातला माझा सहवास तेवढाच.

खरे सांगते, मला त्या हातांचा राग येई. चिठ्ठीचाही येई.

मिस्त्रींचे धाकटे भाऊ वेल्डर होते. मनाने चांगले, जिभेने तिखट. "इंजिन आहे की बाळंतीण, वहिनी? म्हणे वारा लागू द्यायचा नाही! अहो, न फिरवता ठेवलं तर जाम होईल ते."

"त्यांनी लिहिलंय, भाऊजी."

दुसऱ्या वर्षी, दमट दिवसांत, त्या दोन दिवस बहिणीकडे गेल्या आणि दीर लांब पाना घेऊन आले. जोर कमी लागावा, म्हणून त्यांनी दुसऱ्या सिलिंडरचे बूच काढले आणि मला अर्धा फेरा फिरवले. मित्रांनो, मी लपवणार नाही: त्या अर्ध्या फेऱ्याइतका आनंद मला कधी झाला नव्हता. पण चालू इंजिनात तेल दाबाने पुन्हा चढते. माझ्यात ते चढवणारे काही चालू नव्हते. पिस्टनांनी भिंतींवरचे तेल पुसून नेले, आणि बूच परत बसले ते सैल.

सोमवारी उजेड पडला. तीन बुचे निळी होती, एक गुलाबी.

"भाऊजी, हात लावलात?"

"तुमच्या भल्यासाठीच, वहिनी. थोडंसंच फिरवलं."

"तुमच्या दादांचं अक्षर वाचता येत नाही?"

"दादा गेला, वहिनी. आता त्याचं काय राहिलंय?"

वहिनींनी माझ्याकडे बोट दाखवले. "हे."

बाईंनी वही उघडली, लांब नळीच्या बुधलीतून चारही भोकांत तेल सोडले, नवे दाणे भरले आणि बुचे आवळली. जुने दाणे तापवून पुन्हा निळे करायला दिरांनीच एक निकामी तवा आणून दिला; दाणे विषारी, म्हणून तो स्वयंपाकाला कधी न वापरण्याची शपथही घेतली. पण मधल्या दोन दिवसांत ओलीने आत काय केले, ते बाहेरून दिसत नव्हते. लेकीच्या पत्रांत 'पुढच्या वर्षी' येई. पुढचे वर्ष आणखी तीनदा आले. दर सोमवारी बाई 'निळा' म्हणत, आणि दुसऱ्या बुचापाशी उजेड जरा जास्त थांबे.

अखेर लेक आली. तिने बूच काढले, बारीक दिवा आत सोडला, आणि आई दारातच उभी राहिली.

"डाग आहे," लेक म्हणाली. "खड्डा नाही. पुसला जाईल." मग तिने बापाने आवळलेले नट एकेक करून तपासले. एकही पुन्हा आवळावा लागला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी काही जपायला देऊन गेले असेल. त्याला आपल्या लहरीने हाताळू नका, आणि आच्छादन घालून विसरूही नका. दर सोमवारी वाकून पाहणारी ती बाई माझ्यापासून दूर नव्हती, हे मला फार उशिरा कळले.

मला गाडीत बसवले. लेकीने आधी तेलाचा दाब चढवला, मग किल्ली फिरवली. मी खोकले, थरथरले आणि धडधडू लागले. बाई दोन पावलांवर उभ्या होत्या, हात पाठीमागे.

"आई," लेक म्हणाली, "आता लाव हात."