भिंतीवर चिकटवलेली दंडाची पावती

मित्रांनो, बाहेरच्या वाघाच्या पाटीवर जाऊ नका. पाटी नवी आहे, मी साठ वर्षांची आहे. चंद्रपुरात भर रस्त्यावर उभी असलेली मी एक तीन मजली इमारत. मूळची ऑफिसची, आता हॉटेल झालेली. माझा स्वभाव जरा तिरसट आहे. जन्मभर माणसांना ताटकळत उभे राहिलेले पाहिले, की कोणाचाही होईल.

एका लाकडाच्या व्यापाऱ्याने मला बांधले. दगडाचा पाया, सागाची दारे आणि भिंती एवढ्या जाड, की मे महिन्यातही आत गार वाटे. जंगलाचा कारभार पाहणाऱ्या एका ऑफिसला त्याने मला भाड्याने दिले. तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा नव्हता. धानोऱ्याच्या रानात कोणी जंगल साफ करून नांगर चालवला, की त्याला दंड होई. त्याला पावती फाडून देत. पुस्तकात उरलेला पावतीचा अर्धा भाग, म्हणजे स्थळप्रत, माझ्या रेकॉर्ड रूममध्ये येऊन पडे. साहेब लोक माझ्या गारव्याची फार स्तुती करत. पायऱ्यांवर उन्हात बसलेल्यांनी मात्र ती कधी केली नाही. खरे सांगते, तेव्हा मला त्या लोकांची कीव येत नसे. मला माझ्या वजनाचा गर्व होता.

मग ऑफिसने शहराबाहेर नवी इमारत बांधली. खुर्च्या गेल्या, पंखे गेले. “जुनं रेकॉर्ड मागाहून नेऊ,” असे म्हणून गेले, ते गेलेच. नऊ वर्षे मी रिकामी होते. पारव्यांनी घाण करून ठेवली आणि वाळवीने सागाची चौकट पोखरली. माझ्याजवळ राहिला तो एकटा चौकीदार गफ्फार. जिन्याखालच्या खोलीत तो आणि त्याची बायको शमीम राहत. गफ्फार सातवी शिकलेला होता. वर्तमानपत्र मोठ्याने वाचायची त्याला सवय होती, त्यामुळे जगात काय चालले आहे ते मलाही कळे.

नवव्या वर्षी दिवाळीनंतर एक बाई आली. सोमारी तिचे नाव, गाव धानोऱ्याच्या पलीकडचे. पायऱ्यांवर बसून तिने पाणी मागितले आणि मग काम सांगितले.

“भाऊ, माह्या बापाचं वावर हाय जंगलात. वनहक्काचा दावा टाकला मी. साहेब म्हणते, दोन पुरावे पायजे. म्हाताऱ्याईचा जबाब झाला, तो एक. दुसरा कागदच पायजे म्हणते.”

“मंग कागद काऊन नाई तुह्याजवळ?”

“बापाले दंड झाला होता त्या वावराचा. त्याची पावती होती. त्यानं चुलीत टाकली.”

“चुलीत?”

“लाज वाटली त्याले. आपल्या गुन्ह्याचा कागद कोण घरात ठेवते, भाऊ? आता साहेब म्हणते, तोच कागद आण. दंड झाला म्हंजे वावर तुमचंच होतं, म्हणते.”

मित्रांनो, ज्या कागदाने बापाला मान खाली घालायला लावली, तोच आता लेकीला हवा होता. तिच्यासारख्या कितीतरी घरांत ते कागद चुलीत गेले असतील. पण पावतीचा दुसरा अर्धा भाग माझ्या पोटात होता, हे मला ठाऊक होते. झाडू लच्छू उसेंडी, असे तिच्या बापाचे नाव. तिला वाचता येत नव्हते, तरी गफ्फारबरोबर ती दोन दिवस गठ्ठे उपसत बसली. गठ्ठे छतापर्यंत होते. ती जाताना गफ्फार म्हणाला, “तू जाय बाई. मी शोधून ठेवतो. जबान देतो तुले.”

तो खरोखर शोधत होता. रोज दोन गठ्ठे सोडून, वाचून, पुन्हा बांधायचा. पण महिन्याभरात व्यापाऱ्याच्या नातवांनी मला प्रफुल्लशेठला विकले. ताडोब्याला येणाऱ्या पाहुण्यांसाठी शेठला हॉटेल करायचे होते.

ऑफिसला तीन संडास पुरत होते. हॉटेलला सव्वीस लागतात. त्यासाठी माझ्या प्रत्येक स्लॅबला मोठमोठी भोके पाडली. ज्या जाड भिंतींची स्तुती झाली होती, त्या जागा खातात म्हणून फोडल्या. मजूर घण घालत होते आणि शेठ खाली उभा राहून म्हणत होता, “मार, मार, लय माजलेली बिल्डिंग हाय.” मला फार दुखले. पण माजलेली होते हे खोटे नाही.

रेकॉर्ड रूमची पाळी आली तेव्हा गफ्फार आडवा आला. “शेठ, गरिबाईचे कागद हायेत. आठ दिवस द्या.”

“तुले नोकरी पायजे का कागद?” शेठने विचारले आणि तो हसला. मजूरही हसले.

सजावटीसाठी नागपूरहून दीपाली मॅडम आल्या होत्या. पिवळे कागद आणि जांभळे शिक्के पाहून त्या हरखल्या. त्यांनी शिक्केवाले कागद निवडले, बाकीचे ट्रकमध्ये भरून रद्दीत गेले. निवडलेले कागद त्यांनी खोली नंबर अकराच्या भिंतीवर, पलंगाच्या मागे, एकाला एक लावून चिकटवले आणि वरून चकचकीत वॉर्निश मारले. गफ्फारला खाकी गणवेश, शिट्टी आणि हॅट दिली. जंगलातल्या गार्डसारखा दिसला पाहिजे म्हणे. तो दारात उभा राहून पाहुण्यांना सलाम करू लागला. जिन्याखालची खोली त्याच्याकडेच राहिली.

खोली अकराचे पंखे पुसायला तो गेला होता, तेव्हा त्याला ते नाव दिसले. ‘झाडू लच्छू उसेंडी. गुन्हा: जंगलात नांगर चालविला.’ खाली अंगठा होता. गफ्फारने नखाने कोपरा उचकटून पाहिला. मागून शेठ आला. “या भिंतीले हात लावला ना, तर शमीमले घेऊन रस्त्यावर जाशीन,” एवढेच तो बोलला.

मे महिन्यात सोमारी पुन्हा आली. सुनावणीला आठ दिवस होते. तिने गफ्फारसाठी चारोळी बांधून आणली होती. खाकी कपडे पाहून ती आधी घाबरली.

“सापडलं का, भाऊ?”

गफ्फारला सारे समजत होते. खरे सांगितले तर ती साहेबांना आणणार, साहेब भिंत उखडणार आणि शेठ त्याला हाकलणार. त्याने हॅट काढली, पुन्हा घातली.

“नाई सापडलं, बाई.”

“बरं. तू लय शोधलं,” ती म्हणाली, चारोळी त्याच्या हातात देऊन गेली. तिच्या डोक्याच्या वर वीस फुटांवर तिच्या बापाचा अंगठा होता. मला किंचाळावेसे वाटले. इमारतीला तोंड नसते.

सुनावणीत तिचा दावा फेटाळला गेला. पावसाळ्यात तिचा फोन आला. अपिलाला दोन महिने आहेत, एकदा अजून पाहशील का, असे ती विचारत होती. “पाह्यतो,” गफ्फार म्हणाला. शमीम त्याला म्हणाली, “सांगून टाका. देईल अल्ला दुसरी खोली.” आज सांगतो, उद्या सांगतो असे करत त्याने आठवडा घालवला.

त्याच आठवड्यात खोली अकरात नवे लग्न झालेले जोडपे उतरले. उशाशी गुन्हा, दंड, अंगठे! त्यांनी सकाळीच तक्रार केली. शेठने तिथे धबधब्याचे चित्र लावायचे ठरवले आणि जुने कागद काढायला गफ्फारलाच बोलावले. “तुले लय हौस होती ना? घे.”

शेठ दारात उभा होता. गफ्फारने पाणी मारले आणि पत्र्याची पट्टी त्या नावाजवळ हलक्या हाताने लावली. अख्खा कागद सुटेल अशी त्याला आशा होती. वॉर्निशचा पापुद्रा तेवढा आला, आणि त्याला चिकटून कागदाचा लगदा. दोन्ही हातांनी त्याने तो गोळा केला. अक्षरे विरघळून गेली होती. तो तिथेच फरशीवर बसला आणि रडला. शेठ म्हणाला, “बादलीत टाक.”

मित्रांनो, मला त्याचा राग येतो, आणि इतकी वर्षे ते कागद ऐटीत पोटाशी धरून बसलेल्या स्वतःचा त्याहून जास्त येतो. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला वाचता येते. ज्याला वाचता येत नाही, त्याचे नाव कुठे दिसले तर त्याला लगेच वाचून दाखवा. उद्यावर टाकू नका. गफ्फारलाही वाचता येत होते.